स्लीव्ह ऑपरेशननंतर ४६ किलो उतरले, १९ परत आले. इथून मागे वळलेलं कुणी आहे का?

कचराळी_काठ | १८ जानेवारी, रात्री ११:१०

काल आमच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. वाण घ्यायला पुढे झाले आणि मागून आवाज आला, "एवढं पोट कापून घेतलं, पण शेवटी आलंच ना सगळं परत." बोलणारी बाई वाईट नाही. माझ्या बाळंतपणात तिने महिनाभर डबे दिले होते. म्हणूनच जास्त लागलं. घरी आले आणि साडी न बदलताच पलंगाखालचा वजनकाटा ओढून काढला. आठ महिन्यांत त्यावर पाय ठेवला नव्हता. ९१.२.

पहिल्यापासून सांगते. वय ४४, राहते पाचपाखाडीत. नोकरी ऐरोलीला. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये स्लीव्ह केली (वजनासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकतात ते ऑपरेशन) तेव्हा वजन ११८ होतं, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४८ च्या जवळ. सहा वर्षांचा मधुमेह, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून मशीन लावून झोपायचे. ऑपरेशननंतर चार महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि माझ्यासाठी तो काळ चांगला गेला. घरी होते, वेळेवर खात होते, गच्चीत चालत होते. २०२१ च्या जूनमध्ये ७२ वर आले. मधुमेहाच्या गोळ्या बंद. मशीन परत केलं. ठाणे स्टेशनचा जिना न थांबता चढले त्या दिवशी वर पोचून मी रडले होते.

मग ऑफिस पुन्हा सुरू झालं. २०२३ मध्ये आईचं आजारपण आलं, सात महिने हॉस्पिटलच्या वाऱ्या, मग ती गेली. त्या काळात फॉलो-अप चुकला तो चुकलाच. पुढे वजन ७८ दिसलं तेव्हा ठरवलं की दोन-तीन किलो कमी करू आणि मगच डॉक्टरांना तोंड दाखवू. ८३ ला तेच ठरवलं. ८७ नंतर काटा पलंगाखाली गेला.

गंमत वाटावी असं काही यात नाही, पण एक गोष्ट मला खरंच कळत नाही. मी जेवते कमीच. आजही अर्धी पोळी आणि दोन चमचे भाजीत माझं पोट भरतं, घरातले सगळे साक्षीला आहेत. मग हे १९ किलो आले कुठून? स्लीव्ह ताणली गेली असेल का? पुन्हा ऑपरेशन करावं लागतं का? आणि तीन वर्षं न गेलेल्या माणसाने त्या डॉक्टरांच्या दारात जायचं तरी कसं?

केस खूप गळतायत. जिना चढताना धाप लागते. शुगर तपासायचीही हिंमत होत नाहीये.

---

घोडबंदरवाली | १८ जानेवारी, रात्री ११:३८

ताई, "दोन किलो कमी करून मग जाऊ" हे वाचून अंगावर काटा आला. अगदी हेच वाक्य मी २०२२ पासून म्हणतेय. माझी बायपास (हृदयाची नव्हे, वजनासाठीची जठराची), ६८ वरून ८१. धागा काढलात, फार बरं केलंत. इथेच आहे मी.

---

पारसिकची_वाट | १९ जानेवारी, सकाळी ६:५२

मी बेलापूरला असतो, वय ५२, बायपास २०१६ साली. माझेही १४ किलो परत आले होते, त्यातले ९ पुन्हा गेले. म्हणजे वळता येतं, हे आधी सांगतो.

दुसरं म्हणजे, तुम्ही हिशेब ७२ पासून मांडताय. ११८ पासून मांडून बघा. आज तुम्ही ११८ पेक्षा २७ किलोंनी खाली आहात, साधारण २३ टक्के. "सगळं परत आलं" हे त्या बाईंचं म्हणणं आकड्यांतच बसत नाही.

स्वीडनमध्ये १९८७ साली लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या १-२ वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं आणि १० वर्षांनी ते मूळच्या २५ टक्के खाली होतं. म्हणजे तळ गाठल्यावर थोडं वर येणं ही तिथेही बहुतेकांची वाट होती. त्या अभ्यासात स्लीव्ह नव्हती, त्यामुळे तुमचा आकडा त्यावर ताडू नका. पण तळापासून थोडं वर येणं हा गुन्हा नाही, एवढं त्यातून घ्या.

मात्र १९ किलो "थोडं" नाही. आणि धाप, केस गळणं ही लक्षणं वजनाची असतीलच असं नाही. या आठवड्यात रक्त तपासून घ्या. माझं वजन वाढत होतं त्याच वर्षी माझं हिमोग्लोबिन ८ वर गेलं होतं. अंग भरलेलं आणि रक्त रिकामं, असं आपल्या लोकांत सर्रास होतं.

---

मनोनिग्रह | १९ जानेवारी, सकाळी ९:१५

कुणाला दुखवायचं नाही, पण ऑपरेशन ही शॉर्टकटची वाट आहे. मी रोज येऊरला चालून आणि रात्रीचं जेवण सोडून ११ किलो कमी केले. मनावर घेतलं तर सगळं होतं. जीभ ताब्यात नसेल तर पोट कापून काय होणार?

---

मूगडाळ | १९ जानेवारी, दुपारी २:२०

मी आहारतज्ज्ञ आहे. चौदा वर्षांपैकी नऊ वर्षं याच पेशंटांबरोबर गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

मनोनिग्रह, तुमचे ११ किलो कष्टाचे आहेत, त्याबद्दल आदरच आहे. पण समजा ८४ वरून ७३ ला येणं आणि ११८ वरून ७२ ला येणं हे शरीराच्या लेखी एकच काम नाही. वजन मोठ्या प्रमाणात उतरलं की शरीर दुष्काळ पडल्यासारखं वागतं. तेवढ्याच हालचालीला कमी ऊर्जा जाळतं, भुकेचे संदेश वाढवतं. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि त्यात वरचा फुगीर भागही जातो. घ्रेलिन नावाचं भूक लावणारं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष भूक जणू नसतेच. ती पुढे हळूहळू परतते. त्या वेळी माणसाला वाटतं "माझंच चुकतंय", आणि तो लपायला लागतो. लपला की फॉलो-अप सुटतो. फॉलो-अप सुटला की गोळ्या सुटतात. इथे जीभ ताब्यात असण्या-नसण्याचा मुद्दा फार शेवटी येतो.

आता कचराळी_काठ, तुमच्या प्रश्नाकडे. "जेवते कमीच" हे तुम्ही खरंच सांगताय, माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण जेवण आणि खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्लीव्हमध्ये पोळी, चिकन, मटकीची उसळ हे जड बसतं, घाईत खाल्लं तर छातीत अडकतं. खारी चहात बुडवली की सरकते. मारी, टोस्ट, फरसाण, चिवडा, आइस्क्रीम, मऊ वरणभात, शिरा, सगळं सरकतं. पोट भरल्याची जाणीवच होत नाही. मग शरीर शिकतं: अडकतं ते टाळायचं, सरकतं ते घ्यायचं. जेवणात अर्धी पोळी आणि दिवसभर चरणं. दिवसाच्या शेवटी बेरीज मोठी होते आणि तिच्यात प्रथिनं जवळपास नसतात.

तीन दिवस एवढंच करा. जेवणाचं लिहू नका. जेवणाबाहेर तोंडात जे जे गेलं ते घड्याळाच्या वेळेसकट लिहा. मुलांच्या ताटातलं उष्टं, स्वयंपाक करताना घेतलेली चव, ऑफिसातला वाढदिवसाचा केक, सगळं. काहीही बदलू नका, फक्त लिहा.

आणि डॉक्टरांकडे जा. दाराशी काय बोलायचं हे सुचत नसेल तर "माझं वजन परत आलंय, मला मदत हवी आहे" एवढं पुरतं.

---

मनोनिग्रह | १९ जानेवारी, सायंकाळी ७:४०

मूगडाळ, हे मला माहीत नव्हतं. शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. कचराळी_काठ, माफ करा.

---

वाशी_सेक्टर_नऊ | २० जानेवारी, सकाळी १०:०५

मी एका व्हिडिओत पाच दिवसांचा पाऊच रिसेट पाहिला. दोन दिवस फक्त पातळ, मग मऊ, मग घट्ट. त्याने पोट पुन्हा लहान होतं म्हणे. कुणी केलंय का?

---

मूगडाळ | २० जानेवारी, दुपारी १:३०

पातळ खाऊन पोट आकसत नाही. ते स्नायूंचं आहे, पाच दिवसांत शिवणीच्या वेळच्या मापावर जाणार नाही. लोकांना बरं वाटतं त्याचं कारण म्हणजे पाच दिवस साखर, फरसाण, चहा-खारी बंद असते आणि अंगातलं पाणी उतरतं. सहाव्या दिवशी काय खायचं हे त्या व्हिडिओत नसतं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर असले प्रयोग स्वतःच्या मनाने मुळीच करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

उपवासाचंही इथेच सांगते, कारण विचारलं जाणारच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यावर बटाटा आणि तूप. स्लीव्हवाल्यांना खिचडी सुरेख सरकते, आणि दोन तासांत पुन्हा भूक. उपवास करायचाच तर दही, पनीर, राजगिरा, मोजून शेंगदाणे. श्रद्धेला धक्का न लावता हे जमतं.

---

नाव_नको | २१ जानेवारी, रात्री १:१२

इतके दिवस नुसता वाचतोय. वय ३८, बायपास २०२०, कळव्याला राहतो. माझं वजन खाण्याने नाही वाढलं. आधी मी महिन्यातून एकदा पीत होतो. आता रोज. आधी चार पेग लागायचे, ऑपरेशननंतर एकातच चढते, म्हणून वाटलं की कमीच पितोय. बायको बोलत नाही. हातापायांना मुंग्या येतात. इथे हे लिहावं की नाही कळत नाही.

---

पारसिकची_वाट | २१ जानेवारी, सकाळी ५:५८

दादा, इथेच लिहायचं. बरं केलंत.

बायपासनंतर दारू रक्तात लवकर जाते आणि जास्त चढते. तुमची सहनशक्ती कमी झालेली नाही, रस्ता बदललाय. पिण्याचा आजार शस्त्रक्रियेनंतर जडू शकतो आणि ती जोखीम दुसऱ्या वर्षापासून वाढलेली दिसते, हे अभ्यासांत नोंदलेलं आहे. मला माझ्या सर्जनने ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं, पण तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत कोण असतं?

दोन गोष्टी कृपा करून ऐका. रोज पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची. आणि मुंग्या येणं हे बी-१ किंवा बी-१२ कमी झाल्याचं लक्षण असू शकतं, ते थांबवून ठेवायचं नाही, नसा कायमच्या बिघडू शकतात. आज जा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. ठाण्यातल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीतही जाता येतं. नावाला घाबरू नका. तिथे रांगेत आपल्यासारखीच माणसं असतात.

तुम्हाला निरोप पाठवलाय. कळवा ते बेलापूर लांब नाही.

---

कोलशेत_सातवा_मजला | २३ जानेवारी, दुपारी ४:१८

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांबद्दल कुणी बोलत नाहीये. टिर्झेपॅटाइड आपल्याकडे मार्च २०२५ ला आलं. माझं आधीचं ऑपरेशन स्लीव्हच. डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये आठवड्याला एक सुई सुरू केली, छोट्या डोसपासून. ९६ वरून ८५. मळमळ होते, पहिले दोन महिने बद्धकोष्ठाने हैराण. पण डोक्यातला खाण्याचा सततचा गलका थांबला, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

चूक एक झाली. भूक नाही म्हणून खाल्लंच नाही. ऑक्टोबरमध्ये बरणीचं झाकण उघडेना. वजन उतरत होतं त्यात स्नायूही जात होते. आता प्रथिनांचा हिशेब आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलणं हे सुईइतकंच सक्तीचं केलंय. खर्चही मोठा आहे, आणि बंद केलं की वजन पुन्हा वर जाण्याकडे कल असतो, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं. ओळखीच्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय घेऊ नका. घरात एका विशिष्ट प्रकारच्या थायरॉइड कॅन्सरचा इतिहास असेल तर हे औषध देत नाहीत. हे केमिस्ट विचारणार नाही.

---

घोडबंदरवाली | २३ जानेवारी, रात्री ९:५०

आणि दुसऱ्या ऑपरेशनला मेडिक्लेम मिळतो का?

---

कोलशेत_सातवा_मजला | २३ जानेवारी, रात्री १०:२२

विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत बीएमआय किमान ४०, किंवा किमान ३५ आणि सोबत गंभीर आजार, असं धरलंय, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि इतर उपाय फसल्यावर. दुसऱ्या ऑपरेशनचं प्रत्येक पॉलिसीचं वेगळं. फोनवर नको, लेखी विचारा.

---

कचराळी_काठ | ३१ जानेवारी, रात्री १०:४५

जाऊन आले.

लिफ्टमधून दोनदा खाली आले हेही लिहिते, कारण तुमच्यातल्या कुणाचं असंच होईल. रिसेप्शनवरची मुलगी तीच होती. माझी फाइल कपाटात होती, तिच्यात २०१९ चा माझा फोटो. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी वजन लिहिलं, तळाचं वजन लिहिलं, आणि "आईचं काय झालं?" एवढं विचारलं. तीन वर्षांपूर्वी शेवटच्या भेटीत मी तिच्या आजारपणाचं सांगितलं होतं. तिथे मी ढसाढसा रडले.

रिपोर्ट असे. शुगरची तीन महिन्यांची सरासरी ६.९, म्हणजे मधुमेह परत डोकं वर काढतोय, पण वेळ गेलेली नाही. टीएसएच ७.८, थायरॉइडची गोळी सुरू. फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेलं लोह, ६, बी-१२ १४२, ड जीवनसत्त्वही खाली. केस आणि धाप बहुतेक इथलेच. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम मी २०२३ मध्येच सोडून दिलं होतं, "आता ऑपरेशन जुनं झालं" म्हणून. डॉक्टर म्हणाले, या गोळ्या जन्मभराच्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, किमान दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीच्या आसपास चहा नाही. सोडायच्या आधी मी सगळ्या गोळ्या एकत्र चहाबरोबर घ्यायचे.

एंडोस्कोपीही झाली. स्लीव्ह थोडी सैल झाली आहे, पण इतक्या वर्षांनी होते तेवढीच. थोडं आम्लपित्त वर येतंय. पुन्हा ऑपरेशनची गरज आज नाही, सुईचा विचार तीन महिन्यांनी. आधी घर आवरा, म्हणाले.

आता त्या तीन दिवसांच्या वहीबद्दल, मूगडाळ. ती मी डॉक्टरांपुढे ठेवली. सकाळपासून पाच वाजेपर्यंत जवळजवळ काही नाही. संध्याकाळी पाच ते रात्री साडेनऊ एवढ्या वेळात: चहा चार, खारी सहा, ट्रेनमधून उतरल्यावर गोखले रोडवर वेफर्सचं पाकीट, भाजीची चव तीनदा, मुलाच्या ताटातला वरणभात, सासूबाईंनी "एवढासा घे" म्हणून दिलेला लाडू, टीव्हीसमोर शेंगदाणे. मग जेवायला बसून अर्धी पोळी, आणि मी खऱ्या मनाने म्हणत होते की मी जेवत नाही. प्रथिनं दिवसाची ३१ ग्रॅम भरली. हवीत ६० ते ८०.

आई होती तेव्हा संध्याकाळी तिला फोन करायचे ती हीच वेळ. साडेपाच ते सहा. हे लिहिताना कळतंय.

---

मूगडाळ | १ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

हे शेवटचं तुम्ही समुपदेशकाकडे न्या. मी आहार सांगू शकते, ती वेळ भरून देऊ शकत नाही.

माझ्याकडचं सांगते. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळ सांभाळता येत नाही, कुणालाच. सकाळी दोन अंडी, म्हणजे १२ ग्रॅम झाली. अंडी नको असतील तर पनीरची भुर्जी. डब्यात आधी प्रथिनं, मग भाजी, पोळी सर्वांत शेवटी आणि जागा उरली तर. मासे खाता ना? शंभर ग्रॅम बांगडा किंवा सुरमई म्हणजे १८-२० ग्रॅम. पाच वाजता ऑफिसातून निघायच्या आधी चक्का किंवा भाजलेले चणे, चावून. हे पाच वाजताचं खाणं चुकवू नका, तुमचा सगळा दिवस त्यावर टांगलेला आहे. रात्री मुगाचं धिरडं, आत पनीर. घास छोटा, वीस मिनिटं बसून. जेवताना पाणी नाही, आणि नंतर अर्धा तास नाही. पाणी बरोबर घेतलं तर अन्न लवकर पुढे जातं आणि पोट भरल्याचं कळत नाही.

पहिले दहा दिवस घट्ट अन्न टोचल्यासारखं वाटेल. तीच तुमची स्लीव्ह अजून काम करते आहे, तिच्यावर राग धरू नका. उलटी होऊ लागली किंवा गिळताना सतत अडकू लागलं तर मात्र डॉक्टर.

---

कचराळी_काठ | १६ फेब्रुवारी, सकाळी ७:२५

खारी घरात आणणं बंद केलं. यावर घरात भांडण झालं, खोटं कशाला लिहू. सासूबाईंना चहाबरोबर लागते. शेवटी त्यांच्या खोलीत त्यांच्या डब्यात ठेवायची असं ठरलं. परवा त्यांनी मुद्दाम माझ्यासाठी मुगाचं धिरडं करून ठेवलं होतं, बोलल्या काहीच नाहीत.

कचराळी तलावावर सकाळी सहाला जाते. चार फेऱ्या. गुडघ्यांना झेपतं तेवढंच. घरी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहाचे तीन. सुरुवातीला सहाव्याला पाय लटपटायचे.

साडेपाचला आता मावशीला फोन करते. ती एकटीच असते वाईला.

वजन ८९.३. त्यापेक्षा जास्त आनंद जिन्याचा. लोहाची सलाइन दोनदा झाली आणि धाप निम्म्यावर आली. एक आठवडा काटा हललाच नाही, तेव्हा रात्री फ्रिज उघडून उभी राहिले होते. उघडून बंद केला. पुढच्या रात्री नाही जमलं, आइस्क्रीम खाल्लं. पण सकाळी अंडी उकडली आणि कचराळीला गेले. पूर्वी अशा एका वाटीनंतर माझा महिना जायचा.

---

नाव_नको | २ मार्च, रात्री ९:०३

२६ दिवस. औषधं चालू आहेत, बी-१ आणि बी-१२ ची इंजेक्शनंही. मुंग्या कमी आहेत. बेलापूरच्या दादांनी तीनदा येऊन नेलं. बायको कालच्या भेटीला बरोबर आली होती.

---

घोडबंदरवाली | २ मार्च, रात्री ९:४१

नाव_नको दादा, डोळे भरून आले. मी उद्या अपॉइंटमेंट घेतेय. हे इथे लिहून ठेवते म्हणजे माघार घेता येणार नाही.

---

कचराळी_काठ | १९ मार्च, रात्री १०:१५

पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना.

८६.६. नऊ आठवड्यांत साडेचार किलोंच्या वर. डॉक्टर म्हणाले ७२ चा हट्ट धरू नका, शुगर आणि गुडघे ज्या वजनाला शांत राहतील ते तुमचं वजन. मला हे पचायला वेळ लागतोय. ७२ ची ती बाई मला अजून आठवते आणि हवीशी वाटते. एप्रिलअखेर शुगर पुन्हा तपासायची, मग सुईचं बघायचं. नकार दिलेला नाही मी तिला.

आज श्रीखंड होतं. जेवणाआधी मटकीची उसळ खाल्ली, मग दोन चमचे श्रीखंड बसून, ताटलीत घेऊन खाल्लं. ओट्यापाशी उभं राहून नाही. गोडाचा पदार्थ सगळ्यांसमोर खाल्ल्याला मला किती वर्षं झाली असतील!

ती हळदीकुंकवाची बाई परवा कचराळीला भेटली. तिच्या मुलीला ऑपरेशन सुचवलंय, वय २९. विचारत होती, पुढे काय काय करावं लागतं. चौथी फेरी होईपर्यंत बोलत होतो. फॉलो-अपचं सगळ्यात आधी सांगितलं. मुलीला रविवारी घेऊन ये म्हटलं.

घोडबंदरवाली, तुम्ही गेलात का?

---

घोडबंदरवाली | १९ मार्च, रात्री १०:३२

गेले. हिमोग्लोबिन ९. बाकी उद्या सविस्तर लिहिते. रविवारी मी पण येऊ का कचराळीला? सहा वाजता कुठल्या गेटपाशी?

मूगडाळ, एक विचारायचं राहिलं, कुळथाचं पिठलं चालतं का रात्री?

---

मूगडाळ | १९ मार्च, रात्री १०:५०

चालतं. घट्ट करा, चमच्याने खा. भाताशिवाय.